दोन्ही हात हँडलवर होते

मी सायकल बोलतेय. परवापर्यंत मला घंटीसुद्धा नव्हती.

जळगावात शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवायंडिंगचं, एक दुकान आहे. मे-जून दोन्ही महिने मी तिथे भिंतीवर टांगलेली होते. खाली जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वॉर्निशचा वास. माझी चाकं जमिनीला टेकत नव्हती. येणारं गिऱ्हाईक मान वर करून विचारायचं, "ही परदेशातली का?" आणि मला वाटायचं, विचारू नका, माझ्याकडे बघू नका.

मी जे सांगणार आहे ते खरं म्हणजे तेजसनं सांगायचं होतं. त्यानं ते सांगितलं नाही. त्या दिवशी त्याच्या हातांच्या सगळ्यांत जवळ मी होते, म्हणून मीच बोलते.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझ्यासारख्या शेकडो एका दिवसात तयार झाल्या आणि खोक्यांत बसून गावोगाव गेल्या. मी हॉलंडमधल्या एका दुकानात पोचले. तिथे तेजसनं मला घेतलं. तेजस सावद्याचा, केळी पिकवणाऱ्या घरातला मुलगा, तिकडे कंपनीत नोकरीला होता. त्याच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि मी. बाहेरून आला की तो आधी माझे टायर पुसायचा, मग स्वतःचे बूट. मला तो फार आवडायचा. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार आहे.

शनिवारी सकाळी तिथल्या सायकलवाल्यांबरोबर आम्ही जायचो. वीस-बावीस जण, एकाच्या चाकामागे दुसऱ्याचं चाक, मध्ये हातभर अंतर. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, दिसते फक्त पुढच्याची पाठ. म्हणून खड्डा आला की पुढचा खाली हात करून दाखवतो आणि ओरडतोही. त्यांच्या भाषेत, पण मोठ्यानं. ती आरोळी एकाकडून दुसऱ्याकडे अशी शेवटपर्यंत येते.

शेवटी आम्ही असायचो. तेजस बुजरा. आज तू पुढे ये, असं त्याला दोन-तीनदा कोणी म्हणालं, पण त्यानं हसून मान हलवली. दोन वर्षांत तो एकदाही पुढे गेला नाही. त्याच्यामागे कधी कोणी नव्हतं, म्हणून त्याला कधी हात दाखवावा लागला नाही, ओरडावं लागलं नाही. रविवारी आईला फोन केला की मात्र म्हणायचा, "हो गं, पुढेच असतो मी. लीड करतो." मी भिंतीला टेकून ऐकायची. आईला बरं वाटावं म्हणून माणूस असं बोलतो, एवढंच मला तेव्हा वाटलं.

जानेवारीत कंपनीनं त्याला चार महिने घरून काम करायची परवानगी दिली. त्यानं माझी चाकं काढली, टायरमधली हवा सोडली, दांड्यांना फोम गुंडाळला, मधल्या फटींत बनियन आणि मोजे कोंबले आणि मला खोक्यात घातलं. विमानाच्या पोटात फार थंडी होती.

सावद्याला अंगणात खोकं उघडलं. तेजसचे वडील उखर्डूआबा दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याभोवती एक फेरी मारून आले.

"याले स्टँड नाई, कॅरेज नाई," ते म्हणाले. "घंटी बी नाई? सात समुद्रापलीकडून मुकीच सायकल आनली का रे भो?"

आई सुनंदाबाईंनी माझ्या हँडलला कुंकू लावलं आणि नव्या गाडीला ठेवतात तसं चाकाखाली लिंबू ठेवलं. तेजसनं मला पुढे ढकललं. माझं टायर बोटभर रुंदीचं. लिंबू चिरडलं नाही, सटकलं आणि गटारीत गेलं. सगळे हसले. सुनंदाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दुसरं लिंबू आणून हातानंच कापलं.

सावद्याला इंटरनेट सारखं जायचं, म्हणून तेजस जळगावला मावशीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला आला. प्रवासात माझ्या मागच्या गिअरचा एक तुकडा वाकला होता. साखळी कुरकुर करत होती. कोणीतरी त्याला या दुकानाचा पत्ता दिला. म्हणे, तिथला उजैर स्वतः सायकल चालवतो, त्याला दाखव.

उजैर पंचविशीचा. दुकान त्याच्या अब्बांचं, नूर महंमदचाचांचं. चाचांची नजर अधू झाली होती, त्यामुळे काम सगळं उजैरवर. त्यानं मला उलटी केली, एक डोळा मिटून त्या तुकड्याकडे बघितलं आणि पान्यानं इतका हळू वाकवला की मला कळलंही नाही. मग मागचं चाक फिरवून कान लावला. कुरकुर बंद झाली होती.

"तिकडे याला यंत्र लावतात," तेजस म्हणाला.

"इथे पण लावलंय," उजैर म्हणाला आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही आकाशवाणी चौकात हजर. तिथे तिघं जमायचे. उजैर त्याच्या जुन्या गिअरच्या सायकलवर, रूपाली नावाची दवाखान्यातली नर्स, आणि चुडामणनाना. नाना डाळ मिलमध्ये फोरमन, मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी मला एका बोटावर उचललं.

"हायी सायकल शे का पापड?" ते म्हणाले. "वारा उना म्हनजे उडी जाई रे!"

आणि त्या सकाळी मी पुन्हा तीच आरोळी ऐकली. पुढून उजैर ओरडला, "खड्डा!" रूपाली ओरडली, "खड्डाऽ!" सगळ्यांत मागे नाना असायचे. त्यांनी खड्डा ओलांडला की त्यांचा आवाज यायचा, "उनू रे भो!" म्हणजे आलो, मीपण नीट आलो. तो आवाज आल्याशिवाय उजैर वेग वाढवायचा नाही. "काच!" "कुत्रं!" "ट्रॅक्टर!" आणि प्रत्येक वेळी मागून, "उनू रे भो!" रस्त्याकडेच्या शेतातली माणसं कामं थांबवून बघायची. एकदा एका म्हाताऱ्यानं बांधावरूनच ओ दिली होती.

मला घरी आल्यासारखं वाटलं. तेजसचे कान लाल झाले होते.

असे तीन-चार रविवार गेले. एकदा पाळधीजवळ चकचकीत कपडे घातलेले बाहेरगावचे चार सायकलवाले आम्हाला ओलांडून गेले. त्याच वेळी नानांनी "शेऽऽण!" अशी आरोळी ठोकली. ते चौघं वळून हसले. तेजसनं मान खाली घातली. चहाला थांबल्यावर तो म्हणाला, "तिकडे असं कोणी ओरडत नाही. फक्त हातानं दाखवतात. एकदम शांत चालतो ग्रुप."

मी शेजारीच उभी होते. हे खोटं आहे, हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं.

"हातनी खूण बैलले समजस," नाना म्हणाले. "माले नही समजत."

"शिकू ना नाना," उजैर म्हणाला. "त्यांनी जग बघितलंय. तेजसभाऊ, तुम्ही शिकवा आम्हाला."

तेजसनं शिकवलं. डावा हात खाली म्हणजे डाव्या बाजूला खड्डा, उजवा हात खाली म्हणजे उजव्या. तळवा मागे म्हणजे थांबा. उजैर तर दुकानातही सराव करायचा. रूपालीला पटकन जमलं. नाना दोनदा चुकून ओरडले आणि तोंडावर हात ठेवून "चुकनू" म्हणाले. मग तेही गप्प झाले. आमची रांग शांत चालू लागली. फक्त साखळ्यांचा आवाज. मला ती शांतता कधी आवडली नाही.

मार्चमध्ये ठरलं की धुळ्याला जायचं. तिथले सायकलवाले शहराबाहेर येऊन भेटणार, नाश्ता त्यांच्याकडे. उजैर म्हणाला, "पुढे तेजसभाऊच राहतील. त्यांना सवय आहे."

तेजसनं नाही म्हणायला तोंड उघडलं. मला ते हँडलवर जाणवलं, त्याची बोटं सैल झाली. मग तो म्हणाला, "चालेल."

पारोळ्यापर्यंत उजैर पुढे होता, वारा समोरून होता आणि तो सगळा त्यानं अंगावर घेतला. पारोळ्याला पाणी प्यायल्यावर तेजस पुढे आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यामागे कोणी होतं. काय सांगू, तो गाणं गुणगुणत होता. पाय हलके पडत होते. मलाही अभिमान वाटला. माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उजैरचं चाक होतं, त्यामागे रूपाली, मग नाना. तिघांचेही डोळे तेजसच्या हातांवर.

मुकटी गावाच्या अलीकडे एक मोरी आहे. तिच्या तोंडाशी रस्ता खचलेला होता. उजव्या बाजूनं ट्रक येत होता. तेजसला खड्डा दिसला. चांगला दिसला. हात खाली करायला वेळही होता. पण ट्रक जवळ, वारा समोर, आणि एक हात सोडला तर आपण पडू, असं त्याला वाटलं. त्याची दहाच्या दहा बोटं माझ्या हँडलला घट्ट आवळली. त्यानं मला डावीकडे खेचलं आणि आम्ही कडेनं निघालो.

हात खाली गेला नाही. तोंडातून आवाजही निघाला नाही. ओरडायला तर हात लागत नाही. तेवढं त्याला सुचलं नाही, कारण ते त्यानंच बंद केलं होतं.

मागे एक आवाज झाला. लोखंडाचा, आणि मग माणसाचा. रूपालीनं कसाबसा ब्रेक मारला. नाना बाभळीत घुसले. "उनू रे" असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

उजैर रस्त्याच्या कडेला बसला होता. उजवा हात मांडीवर, मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. रूपाली त्याच्या हाताला ओढणी बांधत होती. तिनंच विचारलं, "तेजस, खड्डा दाखवला नाहीस?"

"दाखवला होता," तेजस म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला, जणू ते वाक्य आधीपासून तोंडात तयार होतं.

उजैरनं वर बघितलं. वेदनेनं त्याचे ओठ पांढरे पडले होते. "दाखवला होता? मग माझंच लक्ष नसेल."

त्यानं विश्वास ठेवला. एखाद्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मी त्या वेळी एका दगडाला टेकलेली होते. माझ्या हँडलवर तेजसच्या घामाचे दोन ओले पट्टे होते, डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचा. ते वाळेपर्यंत कोणी बघितलं असतं तर सगळं कळलं असतं. कोणी बघितलं नाही.

उजैरच्या मनगटात धातूची पट्टी बसवली आणि दीड महिना प्लास्टर. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सूचना आली की सर्वांनी पुढच्याच्या हाताकडे नीट लक्ष द्यावे. नाना दुकानात येऊन थट्टा करायचे, "कोठे ध्यान व्हतं रे तुन्हं? वावरमा कोन व्हती?" उजैर हसायचा. चाचा मात्र हसत नसत. ते मोठ्यानं काही बोलत नव्हते, पण बायकोला, अमिनाबींना, म्हणालेले सगळ्यांनी ऐकलं होतं, "पोरगा बेफिकीर झाला. घरात एकच हात कामाचा, तो रस्त्यावर मोडून आला."

आणि एप्रिल म्हणजे मोटारी जळायचा महिना. केळीला पाणी थांबवून चालत नाही. दुकानात मोटारींची रांग लागली.

त्यातच सावद्याला तेजसच्या घरच्या शेतातली मोटार जळाली. उखर्डूआबा ती टेम्पोत घालून आले. तेजसला बोलवून घेतलं, तो माझ्यावर बसून आला. चाचा म्हणाले, "दोघं लागतात कामाला. एकानं वायर इकडून सारायची, दुसऱ्यानं तिकडून ओढायची. उजैर बसून सांगेल. बसा तुम्ही समोर."

तेजस खाली बसला. मध्ये मोटारीचा लांब पोकळ पाइप, एका टोकाला चाचा, दुसऱ्या टोकाला तेजस. वायर आत जायची, बाहेर यायची, पुन्हा आत. प्रत्येक वेढ्याला चाचा आकडा म्हणत होते. तेजस गप्प होता.

"तोंडानं मोजा," चाचा म्हणाले.

"मोजतोय चाचा. मनात."

"मनातलं मला कसं दिसणार? मला तर तुमचे हातही नीट दिसत नाहीत. माझा आकडा चुकला तर तुमच्या आवाजावरून कळतं. गप्प राहिलात तर अख्खी मोटार जाते. बोला."

तेजसच्या हातातली वायर थांबली.

तेवढ्यात आबा सहज बोलले, "लक्ष ठेवायचं होतं रे उजैर. आमचा तेजस हात दाखवत होता म्हणे."

"हो आबा," उजैर खाली बघून म्हणाला. "चुकलं माझं."

चाचांनी तोंड फिरवलं. मी शटरला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं, कोणीतरी धक्का मारावा, मी पडावं, काहीतरी आवाज व्हावा.

आबा आणि चाचा समोर चहाला गेले. तेजस जागचा हलला नाही. मग म्हणाला, "उजैर, मी हात दाखवला नव्हता. मी घाबरलो. दोन्ही हात हँडलवर होते."

उजैरनं त्याच्याकडे बघितलं.

"आणि तिकडेपण ओरडतात. सगळे ओरडतात. मीच दोन वर्षं शेवटी असायचो."

उजैर प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं उघडत-मिटत होता. "हे मला एकट्याला कशाला सांगता?" तो म्हणाला. "मला काय करायचंय ते घेऊन? अब्बांना वाटतं मी बेफिकीर आहे. नानांना वाटतं मी पोरी बघत होतो. त्यांना सांगा. सगळ्यांसमोर."

"रविवारी सांगतो. नक्की."

रविवारी आम्ही चौकात गेलो. उजैरही मुद्दाम आला होता, रिक्षानं, गळ्यात हात अडकवून. रूपाली होती, नाना होते. नानांनी तेजसच्या हातात चहा दिला. तेजस म्हणाला, "मला एक सांगायचंय."

सगळे त्याच्याकडे वळले. त्याचा एक हात माझ्या सीटवर होता. बोल, मी मनात म्हणत होते. एकच वाक्य आहे रे. बोल.

"मी येत्या गुरुवारी परत जातोय," तेजस म्हणाला. "आणि... ही सायकल मी उजैरला देतोय."

रूपालीनं टाळ्या वाजवल्या. नानांचे डोळे भरले. "मोठं मन शे रे तुन्हं!" म्हणून त्यांनी त्याला मिठी मारली. नानांच्या खांद्यावरून तेजसनं उजैरकडे बघितलं. उजैरनं नजर वळवली नाही. तेजसनं वळवली.

मी आजवर पुष्कळ ठिकाणी विकली गेले असते, चोरीला गेले असते, गंजले असते तरी मला इतकी लाज वाटली नसती. एका वाक्याच्या जागी त्यानं मला पुढे केलं होतं.

उजैरनं मला दुकानात आणलं, पुसलं आणि डाव्या हातानं भिंतीवर चढवलं. चाचा म्हणाले, "इतकी भारी चीज दिली त्यानं, आणि तू तोंड पाडून बसतो?" उजैर म्हणाला, "अब्बा, राहू द्या."

मे गेला, जून गेला. प्लास्टर निघालं. मनगट आता पूर्ण वळत नाही, पण वायर सारता येते. पूर्वी दिवसात दोन मोटारी व्हायच्या, आता एक. त्याच्या जुन्या सायकलचा पुढचा भाग अपघातात वाकून गेला होता, तो काही नीट होण्यासारखा नव्हता. नाना दर आठवड्याला येऊन, सायकलवर चल म्हणून मागे लागायचे. शेवटी मागच्या शनिवारी संध्याकाळी उजैरनं मला खाली काढलं. हवा भरली. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझी काय चूक."

मग त्यानं माझ्या साखळीला तेल दिलं.

रविवारी पारोळ्याच्या रस्त्याला लागलो. नाना हट्टानं सगळ्यांत मागे. पाळधी गेलं आणि पुढे रस्ता उखडलेला आला. उजैरनं हात खाली केला, मनगट नीट वाकलं नाही, पण केला. आणि पोटातून ओरडला, "खड्डाऽऽ!"

रूपाली दचकली, पण तिनंही आरोळी दिली. मागून नानांचा आवाज आला, चार महिन्यांनी, "उनू रे भो!"

एरंडोलच्या टपरीवर नानांनी विचारलं, "आते वरडनं चाले का? तेजसनी तं सांगं व्हतं, तिकडे कोनी वरडत नही."

"तिकडेपण ओरडतात नाना."

"तुले कोनी सांगं?"

"त्यानंच."

नानांनी बशीतला चहा फुंकला. प्यायले नाहीत. त्यांच्या कपाळावर हळूहळू आठ्या जमल्या. "मंग त्या दिनले 'दाखाडा व्हता' म्हने, तेबी..." ते म्हणाले.

उजैर माझ्या टायरमध्ये अडकलेला खडा काढत होता. त्यानं मान वर केली नाही. रूपालीनं तोंडावर हात ठेवला. नाना उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "चाला घर. आज पुढे नही जानं."

ते थेट दुकानात आले. सायकल रस्त्यातच टाकली. चाचा दारात खुर्ची टाकून बसले होते. नाना त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "चाचा, त्या दिनले तुमना उजैरनं ध्यान बराबर व्हतं. पुढलानीच खड्डा दाखाडा नही. मीबी त्याले हासनू. माले माफ करा."

चाचा उठले. ते आत गेले. फळीवरचे डबे चाचपडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुनी पितळी घंटी होती. तारेचा तुकडा घेऊन त्यांनी ती माझ्या हँडलला बांधली, बोटांनी जागा शोधत. उजैर शेजारी उभा होता. चाचांनी त्याचं ते न वळणारं मनगट धरलं, हात घंटीवर ठेवला आणि म्हणाले, "वाजव."

मला आनंद झाला. पण लाज गेली नाही. नानांनी जे वाक्य सांगितलं ते नानांचं नव्हतं. माफी मागायची ती नानांची नव्हती.

तेजस, तुझ्या हातांचे ते दोन पट्टे अजून मला आठवतात. तू वाईट नाहीस. तू माझे टायर स्वतःच्या बुटांआधी पुसायचास. पण आता मला काही पाठवू नकोस, कोणाला काही देऊ नकोस. सुट्टीत येशील तेव्हा मोकळ्या हातानं ये. रविवारी पहाटे साडेपाचला, आकाशवाणी चौकात. नाना तुला शिव्या देतील, त्या उभ्यानं ऐक. मग ते वाक्य म्हण, तिकडे दुकानात बसलेल्या चाचांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तुला पुढे राहायला कोणी सांगणार नाही. रांगेत शेवटी राहा, तुला सवय आहे. मी पुढे असेन, उजैर घंटी वाजवेल, ओरडेल. तू खड्डा ओलांडलास की मागून एवढंच म्हण, "आलो."

तो आवाज येईपर्यंत आम्ही हळू चालवू.